परराज्यातील गाडी : स्वस्ताई किमतीत की कागदात?

परराज्यात गाडी स्वस्त मिळते, ही समजूत आमच्या व्यापारी बांधवांत जुनी आहे. सोनपेठ, गंगाखेड, पाथरी भागातील कापड दुकानदार असो, फळांचा बागवान असो की लोखंडी कपाटे करणारा कारागीर असो, टेम्पो किंवा मोटार घ्यायची वेळ आली की पहिला सवाल निघतो : हैदराबादहून आणली तर किती वाचतील? सवाल रास्त आहे. ज्याचे सारे भांडवल दोन-चार लाखांचे, त्याला तीस-चाळीस हजारांचा फरक म्हणजे एका सणाचा माल. परंतु या सवालाचे उत्तर २०१७ पूर्वी एक होते आणि आज दुसरे आहे. जुन्या उत्तरावर विसंबून आजचा सौदा करणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून हा विषय आम्ही थोडा तपशिलाने मांडत आहोत.

पूर्वी फरक का पडत असे?

आमचा परभणी जिल्हा, शेजारचा बिदर आणि तिकडचा निजामाबाद हे एके काळी एकाच हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. परभणी मुंबई राज्यात, बिदर म्हैसूर राज्यात व निजामाबाद आंध्र प्रदेशात गेले. सोयरिकी तशाच राहिल्या, पण बाजारपेठा तीन राज्यांत वाटल्या गेल्या. त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकर कायदा झाला. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर त्या राज्याचा विक्रीकर, आणि विक्रीमुळे माल एका राज्यातून दुसऱ्यात गेला तर केंद्रीय विक्रीकर, अशी विभागणी ठरली. नोंदणीकृत व्यापाऱ्याने ‘सी’ फॉर्म दिला की हा केंद्रीय कर सवलतीच्या दराने लागे. हा दर बराच काळ ४ टक्के होता. २००७ मध्ये ३ आणि २००८ मध्ये २ टक्के झाला.

प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा असल्याने एकच मोटार एका राज्यात महाग व दुसऱ्यात स्वस्त पडत असे. पाँडिचेरीसारख्या केंद्रशासित प्रदेशात कर कमी, म्हणून लांबलांबचे लोक तेथे जाऊन खरेदी करीत. राज्यांना आपला महसूल बुडताना दिसत होता. महाराष्ट्राने त्यावर १९८७ साली बाहेरून येणाऱ्या मोटार वाहनांवर प्रवेशकराचा कायदा केला. त्याचा अर्थ सरळ होता. तुम्ही तिकडे कमी कर भरून नवी गाडी आणली, तर भरलेला कर वजा करून उरलेला फरक येथे भरा, मग नोंदणी होईल. म्हणजे त्या काळातही स्वस्ताईचा मोठा हिस्सा नोंदणीच्या वेळी परत द्यावाच लागे. राज्यांना असा प्रवेशकर लावता येतो की नाही, यावर वर्षानुवर्षे दावे चालले. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने राज्यांचा हा अधिकार मान्य केला. पण तोवर जीएसटीची घटनादुरुस्ती झालेली होती, आणि तिने प्रवेशकराचे कलमच राज्यांच्या यादीतून काढून टाकले.

१ जुलै २०१७ नंतरची स्थिती

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मोटारींवरील विक्रीकर, व्हॅट, प्रवेशकर ही सारी नावे संपली. आम्हा कापडवाल्यांना तो दिवस चांगला आठवतो. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी जादा उत्पादन शुल्क घेतले जात होते, त्यामुळे दुकानदाराला विक्रीकराच्या वह्यांची सवयच नव्हती. मोटारीच्या बाबतीत बदल उलट दिशेचा झाला. पूर्वी राज्याराज्यांत वेगळा असलेला कर देशभर एकच झाला.

आजचा दर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवर १८ टक्के जीएसटी आहे. पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीपर्यंत व डिझेलचे १५०० सीसीपर्यंत असावे, अशी त्यास अट आहे. त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के, विजेच्या मोटारीवर ५ टक्के आणि मालवाहू टेम्पो-ट्रकवर १८ टक्के. समजा लहान मोटारीची करापूर्वीची किंमत ७,००,००० रुपये आहे. तिच्यावर १,२६,००० रुपये जीएसटी परभणीतही तितकाच आणि हैदराबादेतही तितकाच. तिकडचा विक्रेता किंमत कमी सांगत असेल, तर ती सूट त्याच्या नफ्यातून आहे, सरकारच्या करातून नव्हे. तशी सूट परभणी किंवा नांदेडच्या विक्रेत्याकडे मागायला काय हरकत आहे?

मग फरक कुठे राहिला?

फरक राहिला तो मोटार वाहन करात, ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो. तो राज्याचा कर आहे आणि जीएसटीत विलीन झालेला नाही. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीस १० लाखांपर्यंत ११ टक्के व डिझेल मोटारीस १३ टक्के हा एकरकमी कर लागतो, किंमत वाढली की दरही वाढतो. शेजारच्या राज्यांचे दर वेगळे आहेत. येथेच बांधव फसतात. हा कर गाडी कोठे विकत घेतली त्यावर ठरत नाही. ती कोठे ठेवली व वापरली जाते त्यावर ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालकाचे राहते घर किंवा धंद्याची जागा, जेथे गाडी नेहमी राहते, त्या राज्यातच नोंदणी करावयाची असते. सोनपेठच्या माणसाने हैदराबादेत नवी गाडी घेतली, तर तेथून फक्त तात्पुरता नंबर घ्यावा व परभणीच्या आरटीओकडे एमएच-२२ चा कायम नंबर घ्यावा. कर एकदाच आणि महाराष्ट्राचाच लागेल.

काही लोक तिकडच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर कायम नोंदणी करून घेतात आणि म्हणतात, बारा महिने तर कायद्यानेच दिले आहेत. कलम ४७ मधील बारा महिन्यांची गोष्ट ही नंबर बदलण्याविषयी आहे. राज्याच्या कराचा कायदा वेगळा आहे, आणि जी गाडी मुळातच सोनपेठला राहणार आहे तिच्यासाठी हा आधार टिकत नाही. शिवाय तिकडे भरलेला कर परत मागण्यासाठी पुन्हा त्याच राज्याकडे अर्ज, पुन्हा खेटे. तोवर येथील कर खिशातून भरावा लागतो.

‘बीएच’ मालिकेचा नंबर घ्या, असाही सल्ला हल्ली ऐकू येतो. ती मालिका २०२१ पासून सुरू झाली हे खरे, परंतु ती सरकारी नोकरांसाठी आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांसाठी आहे. तुमच्या-आमच्यासारख्या दुकानदाराला तिचा उपयोग नाही.

टेम्पो घेणाऱ्यांनी बिल नीट पाहावे

आता जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी सर्वांत मोलाची बाब. माणसे वाहून नेणाऱ्या, चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्यास मिळत नाही. मोटार दुकानाच्या नावावर असली तरी नाही. मालवाहू टेम्पोचे मात्र मिळते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना दोन्हींचे मिळत नाही.

सुरतेहून साड्यांचा गठ्ठा येतो, तेव्हा त्याच्या बिलावर आयजीएसटी असतो आणि तो आपण आपल्या देण्यातून वजा करतो. टेम्पोचा नियम तोच. करापूर्वी ८,००,००० रुपयांच्या पिकअपवर १८ टक्क्यांनी १,४४,००० रुपये कर होतो. बिल तुमच्या जीएसटी नंबरावर, आयजीएसटी लावून झाले, तर हे १,४४,००० रुपये क्रेडिटात येतात. पण विक्रेत्याने ती आपल्या राज्यातलीच विक्री धरून ७२,००० केंद्राचा आणि ७२,००० तेलंगणाचा जीएसटी लावला, तर महाराष्ट्रातील व्यापाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही. गाडी आपणच शोरूममधून ताब्यात घेऊन चालवत आणली, की असे बिल होण्याचा संभव असतो. म्हणून बयाणा देण्याआधी विचारावे की बिल कोणत्या कराचे होणार आणि गाडी कोठे पोहोचती केली असे दाखविणार. उत्तर आपल्या हिशोबनिसाला दाखवून मगच पैसे द्यावेत. दहा-वीस हजारांच्या सवलतीसाठी दीड लाखाच्या घरातले क्रेडिट घालवणे हा व्यापार नव्हे.

आणखी एक. ज्या करावर क्रेडिट घेतले, त्या रकमेवर प्राप्तिकरात घसारा मागता येत नाही. दोन्हीकडून लाभ घेणारा पुढे नोटिशीला उत्तर देत बसतो.

जुनी गाडी : खरी स्वस्ताई आणि खरी जोखीम

जुन्या गाडीत मात्र परराज्यात खरोखरच किंमत कमी असू शकते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, तेव्हापासून तेथील वयात आलेल्या डिझेल गाड्या इतर राज्यांत कमी भावाने जाऊ लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने या बाबतीत काही दिलासा दिला, पण असा माल अजून फिरतो. घेणाऱ्याने गाडीच्या किमतीत महाराष्ट्राचा कर धरावा. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, पण माफ होत नाही.

खाजगी माणसाने स्वतःच्या वापराची गाडी विकली तर तिच्यावर जीएसटी नाही. नोंदणीकृत विक्रेता असेल तर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के आहे, तोही पूर्ण किमतीवर नसून त्याच्या नफ्यावर. आपल्या दुकानाच्या नावावरची मोटार विकतानाही हाच हिशोब लागतो. वहीत घसारा जाऊन ३,००,००० रुपये किंमत उरली आणि मोटार ३,६०,००० ला विकली, तर ६०,००० वर १०,८०० रुपये कर. २,८०,००० ला विकली तर कर नाही. ज्या टेम्पोवर क्रेडिट घेतले होते, त्याचा हिशोब मात्र वेगळा असतो.

परराज्यातील जुन्या गाडीसाठी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला नमुना २८ मध्ये लागतो. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५, नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३०, आणि नव्या नंबरासाठी नमुना २७. दाखला हाती येण्यापूर्वी पूर्ण रक्कम देऊ नये.

नाव, नंबर आणि विमा

शेवटी ज्यात घरदार बुडू शकते ती गोष्ट. गाडी विकली पण आरटीओच्या दप्तरात नाव आपलेच राहिले, आणि त्या गाडीने अपघात केला, तर भरपाईसाठी मालक म्हणून दप्तरातलाच माणूस धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मधे गाडी किती हातांतून गेली याला महत्त्व नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत व परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवावे, घेणाऱ्याने ३० दिवसांत.

नव्या गाडीचेही तसेच. राजस्थानात राहणाऱ्या एका गृहस्थाने पंजाबात विमा उतरवून नवी बोलेरो घेतली. तात्पुरत्या नंबराची मुदत जुलै २०११ मध्ये संपली, कायम नंबर घेतला नाही आणि थोड्याच दिवसांत जोधपूरला गाडी चोरीस गेली. विमा चालू होता. तरीही नोंदणीविना गाडी रस्त्यावर आणणे हा विम्याच्या अटीचा मूलभूत भंग आहे, असे सांगून सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. गाडी गेली ती गेली, वर दहा वर्षे कोर्टाची पायरी झिजवली.

तेव्हा परराज्यात गाडी घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. हवे ते मॉडेल तिकडेच असेल, ओळखीच्या माणसाची सांभाळलेली जुनी गाडी मिळत असेल, तर जरूर घ्यावी. मात्र गाडीच्या किमतीत येथील रोड टॅक्स, आणण्याचा खर्च, दाखल्यांसाठी जाणारे दिवस आणि बुडू शकणारे क्रेडिट मांडून मग परभणीच्या भावाशी ताडून पाहावे. कापडाचा ताका घेताना आपण मीटर मोजल्याशिवाय पैसे देत नाही. गाडीचे कागदही तसेच मोजून घ्यावेत.