कुंड्या व रोपांच्या पिशव्या भरण्याचें सेंद्रिय मिश्रण

जी माती शेतांत भरघोस पीक देते तीच कुंडींत किंवा रोपाच्या पिशवींत भरली असतां रोप मरूं शकतें, हें वाचून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. मलाही वाटलें होतें, आणि तें नवल मला फार महाग पडलें. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों व मग मिश्रणाकडे वळतों.

आमच्या आंबागड गांवीं, किल्ल्याच्या डोंगराकडील आमच्या बांधावर, आजोबांच्या हातचा एक लोणच्याचा आंबा होता. फळ लहान, गर घट्ट, आणि त्याची फोड दोन वर्षें बरणींत राहिली तरी मऊ पडत नसे. झाड फार जुनें झालें होतें. सन 2019 च्या पावसाळ्याच्या आरंभीं, तेव्हां मी महसूल खात्यांतील कारकुनींत होतों, रजेचे चार दिवस साधून मीं त्याच्या काड्यांची 60 कोय कलमें बांधविलीं. पिशव्या भरण्यास जवळच्या एका मालगुजारी तलावाचा, त्या उन्हाळ्यांत काढलेला गाळ आणला व त्यांत उकिरड्यावरचें शेणखत निम्मेंनिम्म मिसळलें. याहून उत्तम खाद्य तें कोणतें, असा माझा समज होता. तीन आठवडे कलमें छान फुटलीं. श्रावणांत झड लागली. मग ऊन पडलें कीं पानें माना टाकूं लागलीं, आणि मीं पाण्याचा तुटवडा समजून झारी चालविली! पिशवी फाडून पाहिली तों मुळ्या तपकिरी झालेल्या, चिमटींत धरतांच साल सुटून येई, व मातीस कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी. साठांपैकीं सात कलमें वांचलीं. पुढच्या उन्हाळ्यांत वादळानें तें जुनें झाडच उन्मळून पडलें.

आतां गाळाचा दोष काय? शेतांत कांहींच नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या मुलखांतील तलावांचा गाळ हलक्या जमिनीस अमृतासारखा आहे, आणि सन 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनें तो शेतांवर जातो हें योग्यच आहे. परंतु गाळाचे कण अति बारीक असतात. शेतांत त्यांच्या खालीं हातोहात खोल माती असते. ती वातीसारखी पाणी खालीं ओढून घेते. शिवाय गांडुळें, ढेकळें, भेगा व पिकाच्या जुन्या मुळ्या यांनीं हवेस वाट राहते. पिशवींत यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें मातीचा स्तंभ वीतभर उंचीवर तोडलेला असतो, आणि तळाशीं पोंचलेलें पाणी छिद्र असूनही सर्व बाहेर पडत नाहीं. बारीक कण त्यास धरून ठेवतात. ही ओली थर किती उंच राहील हें कणांच्या बारीकपणावर अवलंबून असतें, भांड्याच्या उंचीवर नव्हे. म्हणून उंच कुंडींत निदान वरचा भाग तरी कोरडा राहतो. बुटक्या पिशवींत मात्र सगळी मातीच त्या थरांत बुडते. मुळ्यांस पाण्याइतकीच हवा लागते. हवा मिळाली नाहीं म्हणजे त्या पाणी शोषूं शकत नाहींत, व भर चिखलांत उभें असलेलें रोप तहानेनें वाळल्यासारखें दिसतें. माझी झारी याच ठिकाणीं फसली.

ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं घरांतील लांबट स्पंज पाण्यांत बुडवून हातावर आडवा धरावा. ठिबकणें थांबलें कीं तोच स्पंज उभा करावा. पुन्हां पाणी गळूं लागेल. स्पंज तोच, छिद्रें तींच, केवळ उंची वाढली. याच कारणानें कुंडीच्या तळाशीं खापऱ्या व गिट्टीचा जाड थर देण्याची रूढी निरुपयोगी आहे. बारीक मातींतून पाणी जाड खड्यांत सहजासहजीं उतरत नाहीं; ओली थर तेवढी वर सरकते व मुळ्यांची जागा कमी होते. छिद्रावर माती वाहून जाऊं नये म्हणून एक खापरी पुरे.

तेव्हां भांड्यांत भरावयाचा पदार्थ भरड, हलका व पुरता कुजलेला असावा. त्यानें पाणी धरावें, पण हवा कोंडूं नये. आणि तो एका हंगामांत बसून दगड होऊं नये. आपल्या भागांत असें मिश्रण करण्यास लागणारें बहुतेक साहित्य घरचेंच आहे.

मातीविषयीं प्रथम. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी असे जमिनीचे प्रकार आढळतात. कुंडीसाठीं कन्हार घेऊं नये. ती ओली असतां चिकटते व वाळतां भेगाळून मुळ्या तोडते. वाळूमिश्रित पिवळसर सिहार किंवा हलकी मोरांड बरी, आणि तीही मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नको. नदीची भरड वाळू थोडी चालते. माती, मुरूम किंवा वाळू गांवच्या सामाईक जागेंतून आणावयाची असल्यास आधीं गांवचें निस्तार पत्रक पाहावें. जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 161 व पुढील कलमांत त्याची तरतूद आहे, आणि पुष्कळ गांवकऱ्यांस असा कागद आहे हेंच ठाऊक नसतें. असो; जुनी संवय जात नाहीं.

आपल्या धानाच्या मुलखाची खरी संपत्ति म्हणजे तूस. भातगिरण्यांच्या मागें त्याचे ढीग पडलेले असतात. कच्चें तूस हवा चांगली खेळवितें व लवकर कुजत नाहीं. परंतु त्यांत राहिलेले दाणे उगवतात, उंदीर येतात, आणि कुजण्यास आरंभ झाला म्हणजे सूक्ष्म जंतु आपल्या वाढीसाठीं मिश्रणांतील नत्र ओढून घेतात व रोप पिवळें पडतें. लाकडाच्या कच्च्या भुशाचा दोष हाच, पण त्याहून अधिक. यास उपाय म्हणजे तूस अर्धवट जाळून काळें करणें. पत्र्याच्या डब्यास सभोंवार भोंकें पाडून तो पालथा ठेवावा, त्यांत निखारे घालून वर धुराडें बसवावें व भोंवतीं तुसाचा ढीग रचावा. आंतून काळेपणा बाहेर येत जातो. मधून मधून फावड्यानें बाहेरचें आंत लोटावें. सर्व ढीग काळा झाला कीं तत्क्षणीं भरपूर पाणी मारून पातळ पसरावा. येथें आळस केल्यास ढीग धुमसत राहून पांढरी राख होते. ती राख निराळी वस्तु आहे: ती बारीक असल्यामुळें छिद्रें बुजवितें असें नव्हे तर क्षारही वाढविते, आणि मग नवीं पानें पिवळीं व शिरा तेवढ्या हिरव्या असें रोप दिसूं लागतें. गिरणीच्या भट्टींतून जी राख मिळते ती बहुधा याच जातीची, म्हणून फुकट मिळाली तरी पारखून घ्यावी. काळें तूसही एकदां धुवून वापरावें.

दुसरें साहित्य पानकुजीचें. आपल्याच बांधावरील आंबा, मोह, पळस यांचीं पानें माघ-फाल्गुनांत गोळा करून कमरेइतक्या खड्ड्यांत ओलीं करून दाबावीं, थरांमध्यें थोडें शेणकाल्याचें पाणी शिंपडावें व दर महिन्यास वरखालीं करावें. सागाचें पान मोठें व चिवट. तें कुस्करून घालावें, नाहींतर ओल्या पत्रावळींसारखे थर बसतात. सहा महिने ते वर्षभरांत मऊ, काळसर, पावसाळी जंगलाच्या वासाची कुजी तयार होते. बियाण्यांच्या ट्रे व वाफ्यांसाठीं मीं याहून चांगला पदार्थ पाहिला नाहीं.

शेणखत व कंपोस्ट यांत एकच गोष्ट पाहावयाची: तें पुरें झालें आहे कीं नाहीं. कचऱ्यापासून खत करण्याचें शास्त्र आपल्या देशांत नवीन नाहीं. इंदूर येथील संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या साह्यानें जी पद्धति बसविली ती उभयतांच्या 1931 च्या ग्रंथांतून जगभर गेली. आपल्या विदर्भांत पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं छिद्रांच्या विटांच्या टाक्याची पद्धत काढली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच टाकें, त्यांत सुमारें 100 किलो शेण व बाकी काडीकचरा आणि माती, एवढ्यावर तीन ते चार महिन्यांत खत होतें. ज्यांचीं गुरें कमी झालीं त्यांस ही पद्धत विशेष सोयीची. गाजर गवत घालावयाचें तर फूल येण्यापूर्वींच घालावें. उकिरड्यावरच्या खताचा धोका दुहेरी आहे: कच्च्या खताची ऊब व वाफ कोंवळ्या मुळ्यांस जाळते, आणि त्यांत हुमणीच्या पांढऱ्या, वांकड्या अळ्या असतात. गांडूळ खत उत्तम, परंतु बारीक; सहाव्या हिश्श्याहून अधिक घातल्यास तेंही गाळासारखेंच वागतें, हें विकणारे सांगत नाहींत.

शहरांतून हल्लीं नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या विटा येतात. पांच किलोची वीट भिजून 60 ते 70 लिटर होते, पाणी धरते व हलकी असते. मात्र तींत मीठ असूं शकतें. गोड्या पाण्यानें दोन-तीन वेळां धुवून पिळल्यावांचून वापरूं नये. ज्याच्या दारीं पानें व तूस आहे त्यानें त्यावर पैसा घालण्याचें कारण मला तरी दिसत नाहीं. इंग्लंडांत जॉन इन्स संस्थेच्या लॉरेन्स व न्यूवेल यांनीं 1930 च्या दशकांत जें प्रसिद्ध मिश्रण बसविलें, त्यांत 7 भाग माती, 3 भाग दलदलींतील पीट व 2 भाग वाळू होती. पीट आपल्याकडे नाहीं. त्याचें काम पानकुजी करते. त्यांच्यापासून घेण्यासारखी गोष्ट ही कीं त्यांनीं माप ठरविलें व माती उष्णतेनें शुद्ध केली.

मी जें माप वापरतों तें असें, आणि तें वजनानें नव्हे, घमेल्यानें. कलमें व लिंबासारखीं फळझाडें यांच्या पिशव्यांस: सिहार माती 2, पानकुजी 2, काळें तूस 2, मुरलेलें शेणखत किंवा नाडेप 1, भरड वाळू 1. एवढ्या आठ घमेल्यांस दोन ओंजळी निंबोळी पेंड. भाजीच्या रोपांस: चाळलेली पानकुजी 3, काळें तूस 2, गांडूळ खत 1, यांत माती मुळींच नाहीं. वर्षानुवर्षें राहणाऱ्या मोठ्या कुंडीस पानकुजी एका घमेल्यानें कमी व तूस एका घमेल्यानें अधिक, कारण कुजणारा पदार्थ जितका जास्त तितकें मिश्रण खालीं बसतें. सर्व साहित्य दोन सुती चाळणींतून काढावें, आणि चाळणीखालचा अगदीं धुळीसारखा भागही वगळावा. खडे टाकतात सर्वजण, धूळ टाकतो क्वचित् कोणी.

मिश्रण झाल्यावर त्याची परीक्षा करावी. ओलसर मूठभर घेऊन दाबलें असतां बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, आणि मूठ उघडून बोटानें टोचतांच गोळा फुटावा. थोडें मिश्रण ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवींत तीन दिवस बांधून ठेवावें. सोडतांना नाकांत झोंबलें किंवा दुर्गंधी आली तर खत कच्चें आहे. मग मेथीचे 20 दाणे पेरावे. सोळा-सतरा सरळ उगवले नाहींत तर आणखी महिनाभर थांबावें.

हवेचें माप घेणें थोडें खटाटोपाचें आहे, पण कारकुनाच्या मनास आंकडा पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं. पिशवीइतक्याच उंचीचा डबा घ्यावा, तळच्या छिद्रास बूच मारावें, मिश्रण भरावें व पृष्ठभागीं चकाकी येईपर्यंत हळूहळू पाणी ओतावें. तासाभरानें बूच काढून गळलेलें पाणी मोजावें. 4 लिटरच्या डब्यांतून 600 मिलिलिटर गळलें तर मिश्रणांत 15 टक्के हवा आहे. दहापासून वीस टक्क्यांपर्यंत ठीक. माझ्या जुन्या गाळ-खताची परीक्षा पुढें केली तेव्हां 120 मिलिलिटर, म्हणजे 3 टक्के, भरली.

रोपांचें कोलमडणें टाळण्यास आपल्याकडे वाफेच्या यंत्राची जरूर नाहीं; वैशाखाचें ऊन आहे. ओलसर मिश्रण वीतभर जाडीनें पसरून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणावें, कडा मातीनें दाबाव्या व चार ते सहा आठवडे उघडूं नये. रोगाचीं बुरशी, तणाचें बीं व अळ्या यांचा बराच बंदोबस्त होतो. काळें प्लॅस्टिक घालूं नये; त्यानें ऊन आंत जात नाहीं. त्यानंतर ट्रायकोडर्मा व निंबोळी पेंड मिसळून ढीग सावलींत ओल्या पोत्याखालीं पंधरा दिवस मुरूं द्यावा.

पिशवी भरतांना आंगठ्यानें ठेचूं नये. दोनदां जमिनीवर आपटावी, बोटभर जागा वर सोडावी. भरलेल्या पिशव्या सपाट चिखलावर न मांडतां विटांच्या ओळींवर मांडाव्या, नाहींतर छिद्रें बुजतात. केवळ सेंद्रिय मिश्रणाचा जोम तीन-चार महिन्यांनीं ओसरतो. तेव्हां भुईमुगाची पेंड दोन-तीन दिवस भिजवून तिचें पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांनीं एकदां द्यावें.

वांचलेलीं सात कलमें आतां बांधावर मनगटाएवढीं झालीं आहेत. त्यांच्या काड्या घेऊन गेल्या पावसाळ्यांत वरील मिश्रणांत 40 कोय कलमें बांधलीं, 33 जगलीं. काड्या ज्यांस हव्या असतील त्यांनीं ज्येष्ठाच्या अखेरीस यावें. पिशव्या मात्र आपल्या आपण भरून ठेवाव्या, आणि गाळ शेतावर टाकून यावें.