अडलेला विक्रेता : वऱ्हाडच्या अर्थविचाराचा एक आढावा

अर्थविषयक मराठी विचाराचा आढावा घ्यावयाचा म्हटला, म्हणजे लोकहितवादींच्या १८४९ सालच्या ‘लक्ष्मीज्ञाना’पासून आरंभ करून न्यायमूर्ती रानडे, जोतीराव फुले, धनंजयराव गाडगीळ अशी नामावळी घेत घेत शेवटी म्युच्युअल फंडांपाशी येऊन विसावण्याचा जो प्रघात पुण्या-मुंबईच्या दिवाळी अंकांनी पाडून ठेवला आहे, तो या वर्षी मोडावा, अशी परवानगी मी संपादकांकडून मागून घेतली आहे, कारण त्या नामावळीत वऱ्हाड कोठेच येत नाही, आणि आलेच तर आत्महत्यांच्या आकड्यांपुरते येते. अमरावती-अकोल्याने अर्थशास्त्राचे गाजलेले ग्रंथ प्रसविले नाहीत, हे कबूल. परंतु येथील माणसाला दीडशे वर्षे एकच प्रश्न छळीत आला आहे, आणि त्या प्रश्नाला त्याने बाजाराने, कायद्याने, कीर्तनाने आणि चळवळीने जी उत्तरे देऊन पाहिली, ती कोणत्याही ग्रंथाहून कमी मोलाची नाहीत. माल घरात आला त्याच आठवड्यात ज्याला तो विकावाच लागतो, त्याला रास्त भाव कोण आणि का म्हणून देईल, हा तो प्रश्न. व्याज, हमीभाव, अनुदान, कर्जमाफी हे सारे त्याचेच पोटप्रश्न आहेत, असे माझे पूर्वीपासूनचे मत आहे, आणि वाणिज्य महाविद्यालयात शिकवीत असताना ते मी परीक्षेस नसलेल्या तासांनाही सांगत असे.

इतिहासाचा ठराविक भाग झपाट्याने उरकतो. वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवरून मिर्झापुरास जाई. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने तो मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे वळविला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतील यादवीने कापसाला न भूतो असा भाव आणला. आगगाडी आली, आणि १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्घाटन खुद्द लॉर्ड मेयोने केले. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ ही कापसाची जात ओळखली जाऊ लागली. पण त्या उमऱ्याचा भाव ठरविण्यात अमरावतीच्या कास्तकाराचा तिळमात्र हात नव्हता.

हात होता तो सावकाराचा. सावकारावर लिहिले गेलेले निम्मे साहित्य नेम चुकलेले आहे असे म्हटले, की आमचे काही पुरोगामी मित्र रुष्ट होतात, तरी म्हणतो. व्याज जबर होते, व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये हा दामदुपटीचा जुना दंडक गुंडाळून ठेवला जाई, शर्तीच्या खरेदीखताने वावरे गिळली जात, यातले काहीच मी नाकारीत नाही. परंतु कास्तकार खरा नागवला जाई तो विक्रीत. कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच असल्यावर व्याजाचा दर कागदावर काहीही असो, मापात, वटावात, धर्मादायात आणि भावात तो सव्याज वसूल होत असे. आमच्या नात्यातल्या एका घरी अशी एक जुनी खातेवही मी पाहिली आहे. नावेच्या बाजूस बैल, बियाणे, लग्न, सारा अशा रकमा तिथीवार आहेत. जमेच्या बाजूस कापसाचे वजन आहे, रक्कमही आहे, आणि भावाचा रकाना ओळीमागून ओळ कोरा आहे.

हा कोरा रकाना भरण्याचा हिंदुस्थानातील पहिला राजमान्य प्रयत्न वऱ्हाडात झाला, याचा आम्हा वऱ्हाडकरांनाच विसर पडावा, याचे मला राहून राहून नवल वाटते. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार भरला, आणि १८९७ साली ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ झाला. इंग्रजाने हे कास्तकाराच्या कळवळ्यापोटी केले, अशी माझी समजूत नाही. विलायतेच्या गिरण्यांना बिनभेसळीचा माल बिनबोभाट मिळावा, हाच हेतू. आणि बाजाराच्या समितीत वजन होते तेही व्यापाऱ्यांचेच. पण संस्था एकदा उभी राहिली, की ती आपल्या जनकाचा हेतू ओलांडून पुढे जाते. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याच्या जागी उघडा हर्रास आला, मापाऱ्याला परवाना आला, आडत आणि हमाली यांचे दर फलकावर लागले. १९२८ सालच्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची जी शिफारस केली, तिच्या मुळाशी वऱ्हाडचा हा अनुभव होता. महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा त्याच कुळातला. आज बाजार समिती म्हटली की नाक मुरडण्याची फॅशन आहे, आणि नाक मुरडण्याजोगे तेथे पुष्कळ आहे, हेही खरे. मात्र ज्यांनी हर्रास कधी उभ्याने पाहिला नाही त्यांनी तो मोडीत काढण्याचा सल्ला देऊ नये. सकाळच्या उन्हात बंड्या आणि ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. व्यापारी ढिगाच्या वरचा नव्हे, कोपरापर्यंत हात घालून आतला पुंजका उपसतो, सरकी बोटाने सोडवितो, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ताणून त्याची लांबी पाहतो, आणि मग बोलतो. तो बोललेला आकडा शेजारच्या बंडीवाल्यालाही ऐकू येतो. कारंज्याच्या त्या हुकमाचे खरे फळ ते हेच.

तथापि उघडा भाव आणि रास्त भाव यांत अंतर उरतेच, कारण हर्रास उघडा असला तरी विक्रेता अडलेलाच असतो; आणि अडला हरी गाढवाचे पाय धरतो. हे ज्यांनी अचूक ओळखले ते डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या या विद्वान शेतकरीपुत्राची आठवण आता शिवाजी शिक्षण संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या पाट्यांपुरती उरली आहे. पण १९३० नंतरच्या मंदीत, कापसाचे भाव कोसळून पडले असताना, मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री या नात्याने त्यांनी ज्या कर्ज लवाद कायद्याचा पाठपुरावा केला, तो १९३३ चा कायदा मला त्यांच्या कार्यात सर्वांत मूलगामी वाटतो. कर्ज माफ करा, असे तो म्हणत नव्हता. धनको आणि ऋणको यांना लवाद मंडळापुढे समोरासमोर बसवावे, कर्जाचा खरा आकडा शोधावा, तडजोडीने तो कमी करावा आणि फेडीचे हप्ते बांधून द्यावेत, एवढेच त्याचे सूत्र. आणि हप्ता बांधून मिळणे म्हणजे दिवाळीपूर्वी मिळेल त्या भावाने कापूस फुंकून टाकण्याच्या सक्तीतून सुटका. इतर प्रांतांनी मागाहून असेच कायदे केले. १९३३ च्या त्या लवादाची तुलना २००८ च्या कर्जमाफीशी करावी. पाच एकरांची मर्यादा घालताना दिल्लीतील मंडळींना पाटाखालचे पाच एकर आणि वऱ्हाडातले कोरडवाहू पाच एकर यांतला भेद दिसला नाही, आणि दहा एकरांचा धनी असलेला आमचा दरिद्री कास्तकार श्रीमंतांत गणला गेला.

वैयक्तिक अर्थकारण हा शब्द रूढ होण्यापूर्वी त्या विषयाचे वऱ्हाडातले श्रेष्ठ अध्यापक गाडगेबाबा होते. मामाचे वावर सावकाराच्या घशात जाताना ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याने पुढे आयुष्यभर गावोगाव हातात झाडू घेऊन सांगितले ते तीन-चार गोष्टींत मावते: सणासाठी कर्ज काढू नका, लग्नात पैसा उधळू नका, नवसाला बकरे कापू नका, भांडी मोडा पण पोराला शिकवा. आमच्या अर्थशास्त्राच्या विभागांना हे कीर्तन वाटले, अर्थविचार वाटला नाही. वास्तविक अनुत्पादक कर्ज आणि उत्पादक गुंतवणूक यांतला विवेक इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’तील अर्थविचारावर स्वतंत्र लेख हवा; येथे तो विषय सोडतो. विदर्भाच्या विकासाच्या अनुशेषाचा विषयही सोडतो. त्यावर भाषणे पुरेशी झाली आहेत.

आता एकाधिकार खरेदी. १९७१ च्या कायद्याने १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला सारा कापूस सरकारने विकत घेण्यास आरंभ केला. योजनेचे नाव काढताच एक पक्ष तिला समाजवादी खूळ म्हणून हिणवितो आणि दुसरा पक्ष सुवर्णयुग म्हणून उसासे टाकतो. दोघांनाही तिचा गाभा कळलेला नाही. शेतकऱ्याला थांबता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने सरकारने थांबावे, असा तो प्रयोग होता. भावातल्या चढउताराचा निधी त्यासाठीच होता. काही हंगाम तो चांगला चाललाही. पुढे मात्र असे दिसून आले, की निवडणूक तोंडावर आली म्हणजे सरकारही अडलेलेच असते: भाव बाजाराला न पेलणारा जाहीर व्हावयाचा, निधी आटावयाचा, चुकारे महिनोन्‌महिने थकावयाचे, केंद्रावर बंड्यांच्या रांगेत रात्री काढावयाच्या, आणि जेव्हा बाहेर भाव चढे तेव्हा तोच कापूस मध्य प्रदेश-आंध्राच्या सीमा ओलांडून चोरपावलांनी जावयाचा. २००२ नंतर मक्तेदारी निकालात निघाली.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या सर्व व्यवहाराला ‘उणे सबसिडी’चा, म्हणजे भाव पाडून शेतकऱ्याकडूनच पैसा काढून घेण्याच्या धोरणाचा, आरसा दाखविला. त्यांच्या सभांना मी उभ्याने हजेरी लावली आहे, आणि शेतीचे गणित रुपया-आण्यांत मांडणारा तसा वक्ता पुन्हा झाला नाही, असेच म्हणेन. परंतु त्यांच्या अनुयायांपैकी जे आज केवळ बाजार मोकळा करा एवढाच मंत्र जपतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे. मोकळ्या बाजारात अडलेला माणूस मोकळेपणी लुटला जातो. शिवाय हा बाजार खरोखर मोकळा तरी कोठे असतो? वायदे बाजाराचे वाटल्यास पाहा: भावाची चाहूल देणारे ते एक साधन, पण डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह अनेक शेतमालांचे वायदे एका फर्मानाने स्थगित झाले ते झालेच. आणि १९ ऑगस्ट २०२५ रोजी, बोंडे फुटण्याच्या बेताला असताना, कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठविण्यात आले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबविण्यात आली. म्हणजे वेचणीचे नेमके महिने. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला असून कास्तकाराने सरकारी खरेदीच्या नोंदणीसाठी मोबाइलवर बोटे आपटीत बसावे, हा प्रकार मी शेजारीच पाहिला.

मग उपाय कोणता? माझा एक जुना हट्ट आहे: तारण. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. तूर, सोयाबीन, हरभरा असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलावी, १८० दिवसांची मुदत, व्याज सहा टक्के. गणित करून पाहा. दहा क्विंटल तुरीची किंमत क्विंटलला सात हजारांप्रमाणे सत्तर हजार धरली, तर हाती ५२,५०० रुपये येतात, आणि सहा महिन्यांचे व्याज साधारण १,५५० रुपये, म्हणजे क्विंटलमागे १५५. हमाली-वाहतूक वेगळी. भाव याहून अधिक चढला तर फायदा; न चढला तर दीडशे रुपयांत सहा महिन्यांचा श्वास विकत मिळाला. एका गोदामात मी बराच वेळ उभा राहून पाहिले आहे: कट्ट्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर खातेदाराचे नाव आणि ओलाव्याचा आकडा, पावती हाती पडल्यावर म्हातारबा ती दोनदा घडी करून अंगातल्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि वरून हात फिरवितात. त्या पावतीवर त्यांच्या पोराची फी भरली जाते आणि तूर जागच्या जागी राहते.

थांबण्यात धोका नाही, असे नाही. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पार गेला. पुढच्या वर्षी त्याच आशेने लोकांनी घरे कापसाने भरली, पोराबाळांना अंगभर खाज सुटली, आणि भाव खाली खालीच आले. पण घरात कापूस कोंबून उसनवारीवर जगणे हे थांबणे नव्हे. रोख हाती ठेवून वाट पाहणे हे थांबणे.

आणि येथेच खरी ग्यानबाची मेख आहे. तारणाच्या त्या यादीत वऱ्हाडचे मुख्य पीक, कापूस, नाही. कापसाला आग लागते, असे एक विद्वान मित्र मला दर वर्षी ऐकवितात. सुटा कापूस ठेवा, असे मी म्हणतच नाही. पाच क्विंटल कापसापासून ३४ टक्के उताऱ्याने १७० किलो रुई, म्हणजे बरोबर एक गाठ, आणि तीन क्विंटलांहून थोडी अधिक सरकी निघते. दहा-वीस कास्तकारांनी मिळून कापूस जिनात रेचावा, सरकी तेथल्या तेथे रोखीने विकून दिवाळी करावी, आणि गाठी तारण ठेवाव्यात. व्यापाऱ्यांच्या गाठी बँका आजही खुशाल तारण घेतात. त्या गाठींना आग लागत नाही आणि शेतकऱ्याच्याच गाठींना लागते काय?

हल्ली दिवाळी अंक उघडला की दरमहा पाच हजार रुपये गुंतवून निवृत्तीपर्यंत कोट्यधीश होण्याचे लेख दिसतात. दरमहा पगार असणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत. ज्याच्या घरात पैसा वर्षातून एकदा, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत येतो, आणि मृग लागताच बायकोच्या बांगड्या बँकेच्या तिजोरीत जातात, त्याची पहिली गुंतवणूक पुढच्या पेरणीचा खर्च बाजूला काढणे ही आहे, आणि दुसरी, विकण्याची घाई न करण्याइतकी रोख. हे सांगणारा लेख या वर्षी मला एकाही अंकात सापडला नाही. सहकाराच्या दुर्दशेवर मात्र सर्वांनी लिहिले आहे. १९५४ च्या ग्रामीण पतपाहणीने सहकाराचा वाटा शेकडा तीनच असल्याचे सांगून गोदामांची शिफारस केली होती. पतसंस्थांच्या इमारती उठल्या, काही बुडाल्याही. गोदामे मात्र मागेच राहिली.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बाजार समित्यांच्या संचालकांस माझी विनंती आहे. येत्या मासिक सभेत कापसाच्या गाठी तारण यादीत घालण्याचा ठराव करून तो पणन मंडळाकडे पाठवा. आणि वाचकहो, तुम्ही आपापल्या समितीच्या सचिवांना तो ठराव झाला का, हे विचारा.