उंडग्या पोरींचा रस्ता

गाणं बघताना : भाग ७

'उनाड' हा शब्द मुलासाठी वापरला की त्यात निम्मं कौतुक असतं. 'उंडगी'त कौतुकाचा थेंबही नसतो. मुलगी घराबाहेर पडली याला फारशी हरकत नसते. क्लासला गेली, दळण आणायला गेली, मैत्रिणीकडून वही आणायला गेली, हे सगळं चालतं. काही काम नसताना नाक्यावर नुसतीच उभी होती, हे चालत नाही. हा शब्द मनात ठेवून आज १९८३ सालचं एक गाणं बघू.

मागच्या भागात आपण नजरेबद्दल बोललो होतो. अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'मध्ये (१९९५) दिग्दर्शक केन घोष यांनी देशोदेशीचे उमेदवार तिच्यापुढे उभे केले आणि शेवटी आपला मिलिंद सोमण लाकडी खोक्यातून बाहेर आला. कांदेपोह्यांचा कार्यक्रम उलटा झाला, ही त्यातली गंमत. पण तो सगळा खेळ महालातला होता. राणीने महालात काय करायचं हे राणीच ठरवते. खरा प्रश्न महालाच्या दाराबाहेर सुरू होतो.

तर १९८३. एमटीव्ही अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालं होतं आणि त्यावर दिसणारा रस्ता बहुतेक पुरुषांचा होता. गिटार, मोटरसायकल, रात्र, ओली डांबरी सडक आणि मधूनच एखादी सुंदर बाई, विजेच्या खांबाइतकीच निश्चल. अशा वेळी सिंडी लॉपर नावाची न्यूयॉर्कची गायिका 'गर्ल्स जस्ट वाँट टू हॅव फन' घेऊन आली. हे गाणं मुळात रॉबर्ट हॅझर्ड या पुरुषाने पुरुषाच्या दृष्टीने लिहिलं होतं. लॉपरने त्यातले शब्द बदलले आणि गाणं मुलींच्या ताब्यात दिलं. बाकीचं काम एड ग्राइल्स यांच्या व्हिडिओने केलं.

गोष्ट साधी आहे. लॉपर रस्त्यावरून बागडत घरी येते. स्वयंपाकघरात आई वैतागलेली. ही आई म्हणजे लॉपरची खरीखुरी आई. वडील झालेत कॅप्टन लू अल्बानो, कुस्तीच्या आखाड्यातले गाजलेले मॅनेजर. ते बोट नाचवत दम देतात आणि ही शेलाटी पोर त्यांचाच हात पिरगाळून त्यांना भिंतीला टेकवते. पहिलवानांच्या मॅनेजरला! एका सेकंदाचा विनोद आहे, पण घरातल्या सत्तेचं जे काही म्हणायचं ते त्यात म्हणून होतं.

पुढे मैत्रिणींना फोन जातात आणि पडद्यावर त्यांचे चेहरे गोलांमध्ये उमटतात. मग सगळ्या रस्त्यावर. एकामागे एक रांग करून, झुलत, हसत त्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून निघतात. काळ्या, गोऱ्या, जाड, बारीक, सगळ्या तऱ्हेच्या. बघणाऱ्या प्रत्येक मुलीला त्यात आपल्यासारखी एक तरी दिसावी, हा लॉपरचा आग्रह होता. त्या कुठे चालल्यात? कुठेच नाही. फिरून पुन्हा तिच्याच खोलीत येतात आणि तिथे इतकी गर्दी होते की दार उघडल्यावर माणसं बाहेर कोसळतात. मार्क्स बंधूंच्या सिनेमातल्या बोटीवरच्या खोलीची ही उघड उसनवारी आहे. कपड्यांचा रंगीबेरंगी गोंधळ तर असा, की एकीचाही पदर (असता तर) जागेवर राहिला नसता. एमटीव्हीने १९८४ साली पहिल्यांदा पुरस्कार दिले, तेव्हा गायिकेच्या सर्वोत्तम व्हिडिओचा मान यालाच मिळाला.

लिसा लुइस या अभ्यासिकेने १९९०च्या आपल्या पुस्तकात त्या काळातल्या गायिकांच्या व्हिडिओंमधल्या दोन प्रकारच्या खुणा वेगळ्या काढल्या. एक प्रवेशाच्या. रस्ता, गल्ली, रात्र या पुरुषांनी आपल्या मानलेल्या जागांमध्ये बाईने शिरण्याच्या. दुसऱ्या गवसण्याच्या. मुलींची आपसातली फोनाफोनी, नटणं, एकीच्या खोलीत जमणं, हे जे आजवर क्षुल्लक म्हणून कॅमेऱ्याने दुर्लक्षिलेलं होतं ते पडद्यावर आणण्याच्या. लॉपरच्या व्हिडिओत दोन्ही आहेत आणि त्यांची गाठ कशी बसलीय ते बघण्यासारखं आहे. फोनवरच्या गप्पांतूनच रस्त्यावरचा मोर्चा तयार होतो. मोर्चा म्हणायचं, पण मागणी मजेची.

पुढच्याच वर्षी टीना टर्नर 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट'मध्ये त्याच शहराच्या रस्त्यावर उतरली. वय ४४. डेनिमचं जाकीट, चामड्याचा आखूड स्कर्ट, उंच टाचा, आयाळीसारखे केस. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून तिला आठ वर्षं झाली होती. या व्हिडिओत ती जवळपास फक्त चालते. पण ते चालणं बघा. खांदे मागे, पावलाला घाई नाही, आणि समोरून येणाऱ्यासाठी बाजूला होण्याचा तर प्रश्नच नाही. गर्दीच्या फुटपाथवर कोण कोणासाठी सरकतं, हे एकदा मोजून बघा, म्हणजे या चालण्याची किंमत कळेल.

हे मोजण्याचं काम मुंबईत तिघींनी फार नेटाने केलंय. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. त्यांचं म्हणणं असं, की मुंबईसारख्या त्यातल्या त्यात मोकळ्या शहरातही बाई रस्त्यावर असते ती सतत काहीतरी कारण दाखवत. हातात पिशवी, कानाला फोन, चेहऱ्यावर 'मी कामाला चाललेय' अशी पाटी. सुरक्षितता तर हवीच, पण खरा हक्क आहे तो विनाकारण भटकण्याचा, हे त्यांनी ठणकावून मांडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर उंडगेपणाचा हक्क. लॉपरच्या त्या रांगेचं मोल मला हे पुस्तक वाचल्यावर जास्त कळलं. तोवर ते मला नुसतं धमाल गाणं वाटायचं.

याच कसोटीवर आपल्याकडचं 'मन के मंजीरे' घासून बघू. साल २०००. शुभा मुद्गल यांचा आवाज, प्रसून जोशींचे शब्द, शंतनू मोइत्रांचं संगीत. 'ब्रेकथ्रू' या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने बायकांवरच्या हिंसेविरुद्ध बोलण्यासाठी हे काढलं, तेही पत्रक न वाटता, पॉपच्या बाजारात उतरून. छळाचं लग्न मागे टाकून ट्रक चालवणारी बाई मीता वशिष्ठ यांनी उभी केली. तिच्यामागे अहमदाबादच्या एका खऱ्या बाईची हकीकत होती.

स्टिअरिंगवरची बाई हे चित्र पुढे इतकं चाललं की त्याचा पार चोथा झाला. स्कूटरपासून क्रीमपर्यंत कुठल्याही जाहिरातीत बाईच्या हाती चाक द्यायचं, केस वाऱ्यावर सोडायचे, की झालं सक्षमीकरण. 'मन के मंजीरे' अजून शिळं वाटत नाही, याचं श्रेय मी मीताबाईंच्या बसण्याला देते. ती बाई ट्रकात फोटोसाठी बसलेली नाही, धंद्याला बसलीय. पण एक खोच राहतेच. तिला रस्ता मिळाला तो कामाच्या परवान्यावर. पोट भरणाऱ्या बाईला समाज एकवेळ वाट देतो.

या गोष्टीला आणखी एक वळण सौदी अरेबियात मिळालं. तिथे बायकांना गाडी चालवायची बंदी होती. २०११ साली मनाल अल-शरीफने स्वतः गाडी चालवतानाचं चित्रण जगासमोर ठेवलं आणि तुरुंगात गेली. २०१२मध्ये एम.आय.ए.चं 'बॅड गर्ल्स' आलं. रोमाँ गाव्रासने ते मोरोक्कोत चित्रित केलं. दोन चाकांवर तिरप्या धावणाऱ्या गाडीच्या कुशीवर बसून ही गायिका निवांत नखं घासते. दृश्य जबरदस्त, पण अरब जग म्हणजे वाळवंट आणि बंदुका हा बाहेरच्यांचा साचा त्यात आहे, ही टीकाही खोटी नव्हती.

घरचं उत्तर आलं २०१६च्या डिसेंबरमध्ये, माजिद अल-ईसा या सौदी दिग्दर्शकाच्या 'हवाजिस'मधून. सुरुवातीलाच काळ्या बुरख्यातल्या बायका गाडीच्या मागच्या सीटवर बसतात आणि ड्रायव्हरच्या जागी चढतो एक लहान मुलगा. संवाद नाही, घोषणा नाही. दीडशे पानांचा अहवाल त्या एका शॉटमध्ये मावलाय. मग त्याच बायका अबायाखालून रंगीत कपडे झळकवत स्केटबोर्डवरून घसरतात, बास्केटबॉल खेळतात, जत्रेतल्या बंपर कार चालवतात. तिथे परवाना लागत नाही.

बंदी २४ जून २०१८ रोजी उठली. त्याआधी काही आठवडे, मे महिन्यात, ती उठवा म्हणून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या लुजैन अल-हथलूलसह अनेक बायकांना अटक झाली होती. लुजैन बाहेर आली ती फेब्रुवारी २०२१मध्ये. हे माहीत झाल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. बंपर कारमधल्या बायका एकमेकींना धडका देत खदखदा हसत होत्या. गाड्या कुठेच जात नव्हत्या, त्याच चौकोनात गोल गोल फिरत होत्या.

(पुढच्या भागात : सूट घातलेल्या बायका. ॲनी लेनॉक्स आणि मॅडोना.)