ताप आला तर बघणार कोण?
घरचं आरोग्य : लेखांक ६

बाळाच्या पहिल्या वर्षात कोणत्या लसी कधी द्यायच्या, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. चंदगड तालुक्यातल्या कितीतरी सुनांना हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. गाडी अडते ती पुढे. ‘मला पटलंय हो, पण आत्तींना कोण सांगणार?’

घराची रचना लक्षात घ्या. नवरा मुंबईला, पुण्याला नाहीतर गोव्यात कामाला. लसीचं विचारलं की तो फोनवर ‘आईला विचार’ म्हणतो आणि मोकळा होतो. घरात आत्ती (सासू), मामा (सासरे) आणि बाळंतपणातून नुकती उठलेली सून. अंगणवाडीतला लसीकरणाचा दिवस कधी नेमका भाताच्या लावणीत येतो. दीड महिन्याचं इंजेक्शन घेतलेलं बाळ संध्याकाळी तापतं, मांडी हुळहुळते, रात्रभर किरकिरतं. त्याला मांडीवर घेऊन बसते ती आजी, आणि सकाळी चिखलात उतरते तीही आजीच. पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीवर, धो धो पावसात, रात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर धावपळ तिच्याच माथी. म्हणून ती म्हणते, ‘चांगल्या हसत्या-खेळत्या पोराला कशाला आजारी पाडताय?’ या बोलण्याला अडाणीपणा म्हणणारे मला पटत नाहीत. तिचा खरा प्रश्न सरळ आहे : ताप आला तर बघणार कोण?

त्यामुळे बोलणं तापापासूनच सुरू करावं. ‘काही होत नाही हो’ हे वाक्य तर कधीच वापरू नये. रात्री बाळ तापलं की ते खोटं ठरतं, आणि पुढच्या डोसाला आजीचा नकार पक्का होतो. त्याऐवजी आधीच सांगावं : आत्ती, आज रात्री अंग गरम होईल, दोन दिवस मांडी दुखेल. पाच रोगांवरच्या या एकत्रित लसीत डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात. शरीर त्यांना ओळखून सामना करायला शिकतं, त्यात ताप येतो. ताप उतरायचं औषध किती द्यायचं ते सिस्टरांकडून तिथंच, आजीच्या समोर विचारून घ्यावं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबावं. सुजलेल्या जागी थंड पाण्याची घडी चालते. चोळणं, शेकणं, हळद-चुना लावणं नको. बाळ तीन तासांहून जास्त सतत रडत राहिलं, झटका आला, दूध ओढेनासं झालं किंवा निपचित पडलं, तर घरी थांबायचं नाही. आशाताईंना फोन करायचा, १०८ला करायचा. हे सगळं आजीला ठाऊक असलं की रात्रीची निम्मी भीती जाते.

हा सरळपणा जुना आहे. प्लेगवरची लस मुंबईत तयार केल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचल्या जागी दुखलं. लोकांना टोचण्याआधी ते स्वतः त्यातून गेले. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोजीर घराघरांत घुसले, माजघरं आणि देवघरं तपासली गेली. त्या जुलमाचा संताप इतका साचला की २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर हल्ला केला. रोग थोपवायचा हेतू असला तरी जबरदस्तीने माणसं दुरावतात. घरातही तेच होतं. आशाताईंना बोलावून चारचौघांत आत्तींना खोटं पाडलं, किंवा ‘रेशन बंद होईल’ असं दटावलं, तर बाळाला एकदा टोचून होईल, पण पुढच्या डोसाला दार बंद.

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडते ती आजीच्या हातावरची खूण. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या हातावर गोल, जरा खोलगट, कडेला बारीक सुरकुत्या असलेला देवीच्या लसीचा वण दिसतो. तो कुठून आला, एवढंच विचारावं आणि गप्प बसून ऐकावं. शाळेत रांगेत उभं करून टोचलेलं, हात सुजलेला, खपली धरलेली, आई रागावलेली, सगळं बाहेर येतं. मग ओघात गावातल्या एखाद्या व्रण पडलेल्या चेहऱ्याची, देवी येऊन डोळा गेलेल्या माणसाची आठवण निघते. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. तो रोग पाहिलेली माणसं आता आजी-आजोबाच आहेत. आजीकडे साक्षीदार म्हणून बघितलं, की ती आपणहून आपल्या बाजूला येऊन बसते.

काही शंका मात्र अगदी व्यवहाराच्या असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर कधी बेळगाव नाहीतर खानापूर भागात. सून परतते ती कन्नडमधलं तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदीचं) घेऊन, आणि सासरी वाटतं की आता सगळं पहिल्यापासून. तसं नसतं. मूळ वेळापत्रक देशभर एकच आहे. तिकडे घेतलेला डोस इकडे धरला जातो, फक्त कार्ड जपून आणायचं. डोस चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नसते, राहिला तिथून पुढे जायचं. साधी सर्दी असली म्हणून लस टाळायचं कारण नाही.

नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाचं इंजेक्शन येतं. इथं मी कुणालाच सवलत देत नाही. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागातून गोवर पसरला, लहान मुलं दगावली. गोवराचा एक रोगी, लस नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईकर चंदगडला येतात, एका सोप्यात वीस माणसं झोपतात. तेव्हा बाळाचा डोस झालेला असावा.

आणि मुंबईत बसलेल्या बाळाच्या बापाला सांगायचं ते हे. ‘आईला विचार’ म्हणू नका, आईशी तुम्ही बोला. लसीच्या दुसऱ्या दिवशी लावणीला आईच्या जागी एक बाई रोजावर लावायचे पैसे आदल्या दिवशीच पाठवा. रात्री अकराला आणि पहाटे फोन करा, बाळाचं अंग कसं आहे ते विचारा. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गावातली कोणाची गाडी येईल, ते आधी ठरवून आईला त्याचा नंबर द्या.

(पुढच्या आठवड्यात : कुत्रा चावल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं)