पासवर्ड शाबूत, तरी खातं दुसऱ्याच्या हाती

30 मार्च 2025 रोजी मंदिर हसौदमार्गे अभनपूर-रायपूर मेमू सुरू झाली. अभनपूरहून येणारा विद्यार्थी रायपूर स्टेशनवर उतरला की फोन फुकटच्या वायफायला जोडतो. रेलटेल आणि गूगलने ही सोय तिथे 2016 मध्ये केली. ‘फुकटचं वायफाय वापरू नका’ हा सल्ला डेटा संपलेल्या पोराला पटणार नाही. धोका नेमका कुठे आहे, ते त्याला कळायला हवं.

लॉगिन झालं की साइट ब्राउझरला एक लांबलचक सांकेतिक खूण देते, तिला कुकी म्हणतात. मग क्लिकागणिक पासवर्ड विचारला जात नाही, ही खूण तपासली जाते. राजिमच्या मेळ्यात सायकल स्टँडवर टोकन ज्याच्या हाती, सायकल त्याची, तसंच हे. कुकी चोरणाऱ्याला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. ते दार तुम्ही आधीच उघडलेलं असतं.

ऑक्टोबर 2010 मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने अशा कुकी टिपणारं ‘फायरशीप’ हे फायरफॉक्स ब्राउझरचं एक्स्टेंशन खुलं केलं. उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं. आसपासच्या लोकांची नावं नि फोटो बाजूच्या पट्टीत दिसू लागत. एकावर डबल क्लिक केलं की त्याचं फेसबुक खातं उघडे! कंपन्यांना जाग यावी, हाच बटलरचा हेतू होता, आणि ती आली. फेसबुकने जानेवारी 2011 मध्ये एचटीटीपीएसचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवण्याचा, पर्याय दिला, 2013 मध्ये तो सर्वांना लागू केला.

आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर आहेत. शेजारच्या बाकावरच्याला फार तर साइटचं नाव कळतं, कुकी वाचता येत नाही. मात्र स्टेशनच्याच नावाचं बनावट वायफाय कुणीही उभं करू शकतो. अशा जाळ्यात ब्राउझरने ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा दिला, तर ‘तरीही पुढे जा’ कदापि दाबू नका. हा इशारा झुगारणं हीच आजची सगळ्यात मोठी चूक, असं माझं ठाम मत आहे.

चोरही आता संगणकातच शिरतात. मार्च 2023 मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे नावाजलेलं यूट्यूब चॅनेल असंच गेलं: प्रायोजकाच्या नावाने आलेली फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली आणि कुकीज पळवल्या गेल्या. चॉइस सेंटरच्या सार्वजनिक संगणकावर मेल उघडून नुसती खिडकी बंद करणाऱ्याची तर कुकी चोरावीही लागत नाही. तिथून उठण्याआधी लॉगआउट कराच.

आज एवढं करा: व्हॉट्सॲपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी आणि गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागातली यादी उघडा. अनोळखी नाव दिसलं, तर तिथूनच ते बाहेर काढा आणि गूगलच्या यादीत असेल, तर मग पासवर्डही बदला.