शटरची हमी : वाचावी कशी, पडताळावी कशी

कामगाराने नेमणूकपत्र वाचल्याशिवाय सही करू नये, असे आम्ही सभांतून सांगत आलो. तोच कामगार घरी गाडीच्या खोलीला किंवा भावाच्या किराणा दुकानाला लोखंडी शटर बसवतो, तेव्हा मात्र हमीपत्र न वाचताच घडी घालून ठेवतो.

विक्रेता म्हणतो, "पाच वर्षांची गॅरंटी." कशाची, हे विचारावे. पट्ट्यांची मुदत निराळी, स्प्रिंगची निराळी, मोटारीची त्याहून निराळी असू शकते. गंज आणि मजुरी पुष्कळदा वगळलेली असते. आणि आमच्या भाताच्या मुलखात पाऊस पहिला हल्ला गंजाच्या रूपानेच करतो! मुदत बिलापासून मोजायची की बसवल्यापासून, तेही पाहावे. कारखान्याची हमी बसवणाऱ्याची चूक बहुधा पोटात घेत नाही. त्याच्याकडून वेगळे लिहून घ्यावे. स्प्रिंग ताणलेली असते. ती स्वतः उघडू नये. जीवही धोक्यात आणि हमीही.

दुकानदाराला वाटते, ग्राहक कायदा आपल्यासाठी नाही. तसे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच ठरतो. शटर नागपूरहून आणले, तरी गोंदियात राहणाऱ्याला गोंदियाच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अर्जासोबत बिल, हमीपत्र आणि विक्रेत्याला दिलेल्या लेखी तक्रारीची पोच जोडावी.