राजकारणात सगळेच चालते काय?

श्रोतेहो, निवडणुकीचे दिवस आले, की चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात एक वाक्य हमखास कानी पडते : "अहो, हे राजकारण आहे, इथे सगळे चालते." बोलणारा थोडाफार वाचलेला असला तर पुढे म्हणतो, "चाणक्यानेही हेच सांगितले आहे, आणि त्या इटलीतल्या मॅकिआव्हेलीनेही." ऐकणारे मान डोलावतात आणि विषय संपतो.

आज आपण या मॅकिआव्हेलीचीच थोडी ओळख करून घेऊ. कारण त्याने लिहिले एक आणि लोकांच्या तोंडी बसले दुसरेच.

निकोलो मॅकिआव्हेली १४६९ साली फ्लॉरेन्स शहरात जन्मला. त्या काळी तिथे लोकराज्य होते, आणि १४९८ पासून चौदा वर्षे त्याने त्या राज्याची चाकरी केली. १५१२ साली मेदिची घराणे पुन्हा सत्तेवर आले आणि याची नोकरी गेली. दुसऱ्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकले. हात पाठीमागे बांधून दोराने वर टांगले. सुटल्यावर तो खेड्यातल्या आपल्या शेतावर जाऊन राहिला. दुपारी तो तिथल्या खाणावळवाल्याबरोबर, खाटकाबरोबर, गिरणीवाल्याबरोबर पत्ते खेळत बसे, आणि एका दमडीवरून होणारी त्यांची भांडणे शेजारच्या गावापर्यंत ऐकू जात, असे त्यानेच १५१३ च्या एका पत्रात लिहिले आहे. संध्याकाळी मात्र घरी येऊन चिखलाचे कपडे उतरायचे, दरबारी पोशाख चढवायचा आणि जुने ग्रंथ वाचायला बसायचे. त्या बैठकीतून ‘द प्रिन्स’ हे पुस्तक तयार झाले. छापले गेले ते १५३२ साली, तो वारल्यावर पाच वर्षांनी.

हे पुस्तक म्हणजे काही संतवचन नव्हे, हे आधीच सांगून टाकू. राज्य राखायचे तर राजाने प्रसंगी वाईटही वागायला शिकले पाहिजे, सिंहाबरोबर कोल्हाही झाले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु "साध्य चांगले असले की साधन कसलेही चालते" हे जे वाक्य त्याच्या नावावर खपते, ते तसे त्या पुस्तकात नाही. उलट, दगलबाजीने आपल्याच नागरिकांची कत्तल करून सत्ता मिळवणाऱ्याची गोष्ट सांगून तो म्हणतो, की अशाने राज्य मिळेल, पण कीर्ती मिळणार नाही. म्हणजे ‘सगळे’ चालते, असे त्याचेही म्हणणे नव्हते.

आपल्याकडे लोकमान्य टिळकांनाही हाच अनुभव आला. राजकारणात सर्व काही क्षम्य आहे असे टिळकांचे मत आहे, असे गांधीजींनी जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिले. टिळकांनी लगेच पत्र पाठवून कळवले, की आपले मत तसे नाही; राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा खेळ आहे आणि जशास तसे उत्तर तिथे योग्य ठरते, एवढेच आपले म्हणणे आहे. गांधीजींनी उत्तर दिले, की लुच्च्याशीसुद्धा सत्यानेच वागावे. दोघांचा मतभेद मोठा होता. पण ‘सगळे चालते’ हे त्या दोघांपैकी एकालाही मान्य नव्हते.

आता मॅकिआव्हेलीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो राजाला बजावतो, की प्रजेला तुझी भीती वाटली तरी चालेल, पण द्वेष वाटू देऊ नकोस. म्हणून तिच्या मालमत्तेला हात लावू नकोस. माणूस बापाचे मरण लवकर विसरतो, वडिलोपार्जित मिळकत गेलेली विसरत नाही.

शिवाजी महाराजांनी मे १६७३ मध्ये चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र पुष्कळांना ठाऊक असेल. शिपायांनी कुणब्याकडून दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजी जबरीने आणू नये. लागेल ते बाजारातून विकत घ्यावे. तसे न केले तर रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे! इथे नीती आणि राज्याचा फायदा एकाच पत्रात शेजारी शेजारी बसले आहेत.

हे सारे आपल्या काळात पाहायचे असेल, तर ऐरोलीला चला. ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधले हे गाव. आज तिथे काचेच्या उंच कचेऱ्या दिसतात. पूर्वी खारजमिनीतले भात, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर आगरी-कोळी घरे चालत. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. त्यांत ऐरोलीही आली.

हेतू वाईट होता काय? नव्हता. लाखो लोकांना त्यामुळे घरे मिळाली. पण ज्यांच्या सातबाऱ्यावर ते शहर उभे राहायचे होते, त्यांना मोबदला फारच तुटपुंजा वाटला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. पुढे १८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा झाला; त्यात मोबदल्याबरोबर पुनर्वसनाचा हक्कही लिहिला गेला. गोळीबाराला एवढी वर्षे लोटली, तरी हुतात्म्यांचे स्मरण होते आणि जमिनीची गोष्ट घरोघर निघते. मिळकत गेलेली माणूस विसरत नाही, ती ही अशी.

शिक्षकमित्रहो, ‘सगळे चालते’ हे वाक्य मुलांच्या तोंडी आले, तर रागावू नका. एवढेच विचारा : कोणासाठी चालते? चालवणारा कोण, आणि किंमत कोण मोजतो? सगळे चालते असे म्हणणारा बहुधा किंमत मोजणाऱ्यांपैकीच असतो. पण तसे म्हणून तो जाब विचारण्याचा आपला हक्कच सोडून देतो.

मॅकिआव्हेलीने आपले पुस्तक मेदिची घराण्यातल्या एका सत्ताधीशाला अर्पण केले आहे. तिथे तो म्हणतो, की नकाशा काढणारा डोंगर पाहायला सपाटीवर उतरतो. तसे राजाचे स्वरूप कळायला माणूस रयतेतलाच असावा लागतो. ऐरोलीच्या खाडीकाठी उभे राहिले, की पारसिकचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. डोंगरावर बसलेल्याला तो तसा दिसत नाही. तेव्हा सत्तेची गोष्ट आपल्याला काय कळते, असे कोणी म्हणू नये. ती खालूनच नीट दिसते; फक्त आपण डोळे मिटून ‘सगळे चालते’ म्हणू नये.